काकांच्या बरगड्या

रस्त्यात किंवा घरात कोणी अचानक कोसळले, तर आपले लोक हात बांधून नुसते बघत उभे राहतात, असे म्हणण्याची पद्धत आहे. आमच्या बडोद्यापुरते तरी मला ते मान्य नाही. माझे बालपण दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्यात गेले आणि लग्नानंतरचे सारे आयुष्य शहराच्या दक्षिणेकडच्या एका सोसायटीत चालले आहे. दोन्हीकडे मी हेच पाहत आले की माणूस पडला रे पडला की दहा जण धावून येतात. एक जण पाण्याचा पेला आणतो, दुसरा तळपाय चोळायला बसतो, एखादी बाई कांदा फोडून नाकाशी धरते, कोणी वर्तमानपत्राची घडी करून वारा घालतो, कोणी स्वतःच्या खिशातली गोळी त्याच्या जिभेखाली सारतो, आणि एखादा अनुभवी गृहस्थ दातखीळ बसेल म्हणून चमचा मागतो. तेवढ्यात कोणीतरी रिक्षा बोलावलेली असते आणि चौघे जण हात-पाय धरून त्याला जिन्यावरून खाली नेऊ लागतात. यातल्या प्रत्येक कृतीत माया असते, याबद्दल मला शंका नाही. आपण रिकामे नसतो, उलट फार उद्योगात असतो. आणि त्या चार-पाच मिनिटांत आपण इतके काही करून टाकतो की ज्या एका कामासाठी ती मिनिटे हवी असतात, त्या कामाला जागाच उरत नाही.

ते काम म्हणजे छाती दाबणे. वैद्यकात त्याला सीपीआर म्हणतात आणि आता आपल्याकडेही हाच शब्द रुळला आहे. त्याविषयी बोलायचे तर आधी एक गोंधळ दूर केला पाहिजे, कारण सुशिक्षित घरांतही तो सर्रास असतो. हार्ट अ‍ॅटॅकमध्ये हृदयाला रक्त पुरवणारी एखादी वाहिनी तुंबते. छातीत कळ येते, घाम फुटतो, जीव घाबरा होतो, पण माणूस बहुधा शुद्धीवर असतो, बोलतो, क्वचित स्वतःच्या पायांनी दवाखान्याची पायरीही चढतो. त्याची छाती दाबायची नसते. हृदयक्रिया बंद पडणे ही निराळी घटना आहे. त्यात हृदय रक्त पुढे ढकलणेच सोडून देते. पुष्कळदा ते पूर्ण थांबलेलेही नसते, नुसते थरथरत असते, पण त्या थरथरीने रक्त हलत नाही. माणूस काही सेकंदांत बेशुद्ध होतो आणि चार ते सहा मिनिटांत मेंदूची हानी सुरू होते. पहिल्या घटनेतून दुसरी उद्भवू शकते, म्हणून दोन्हींची सरमिसळ होते. मात्र दुसरी घडली की रिक्षा, रुग्णालय, ओळखीचे डॉक्टर हे सारे नंतरचे. रुग्णवाहिका कितीही तत्पर असली, तरी संध्याकाळच्या वेळी रावपुऱ्यातून किंवा मांडवीजवळून चार मिनिटांत वाट काढून दाखवावी, ही अपेक्षा बडोद्याचा माणूस तरी करणार नाही.

कांदा हुंगवणाऱ्यांना हसण्याचे कारण नाही. १७६७ साली अ‍ॅम्स्टरडॅममध्ये बुडालेल्यांना वाचवण्यासाठी एक संस्था निघाली, आणि कालव्यातून बाहेर काढलेल्या माणसाला शुद्धीवर आणण्यासाठी त्या काळी जे उपाय सुचवले जात, त्यांत भात्याने त्याच्या गुदद्वारातून तंबाखूचा धूर आत सोडणे हाही एक होता. विद्वान मंडळी तो गांभीर्याने करीत. तोंडाने श्वास भरण्याची सूचनाही त्याच यादीत होती, हे विशेष. पण तिच्याकडे पुढे दीर्घकाळ दुर्लक्ष झाले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हृदय थांबले की शल्यचिकित्सक छाती उघडून हाताने हृदय पिळत असत, म्हणजे हा उपाय शस्त्रक्रियागृहाबाहेर निरुपयोगी होता.

छाती न उघडता बाहेरून दाबण्याची युक्ती सापडली ती बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये, आणि तिच्यामागचा प्रमुख माणूस, विल्यम कौवेनहोवेन, डॉक्टर नव्हता. तो विद्युत अभियंता होता. विजेच्या तारांवर काम करणारी माणसे झटका बसून मरत, म्हणून वीज कंपन्यांना या प्रश्नात रस होता, आणि तो बाहेरूनच शॉक देऊन हृदय पूर्ववत करणारे यंत्र घडवण्याच्या खटपटीत होता. १९५८ मध्ये कुत्र्यावर प्रयोग चालू असताना त्याचा सहकारी निकरबॉकर याच्या लक्षात आले की यंत्राच्या जड चकत्या छातीवर नुसत्या दाबल्या, तरी रक्तदाबाची रेघ किंचित वर उठते. एवढ्याशा रेघेवरून पुढचे सारे निघाले. शल्यचिकित्सक ज्यूड यांना बरोबर घेऊन या दोघांनी १९६० मध्ये जो शोधनिबंध प्रसिद्ध केला, त्यात हे काम कोणीही, कुठेही सुरू करू शकेल आणि त्यासाठी फक्त दोन हात पुरेत, असे स्वच्छ म्हटले होते. तोंडाने श्वास देण्याची बाजू त्याच सुमारास पीटर सफार आणि जेम्स एलम या भूलतज्ज्ञांनी सिद्ध केली होती, आणि लवकरच दोन्हींची सांगड बसली. लोकांना शिकवायला पुतळा हवा होता; तो नॉर्वेतल्या आस्मुंड लेअरडाल नावाच्या खेळणी बनवणाऱ्याने केला आणि त्याला चेहरा दिला तो पॅरिसच्या सीन नदीत बुडालेल्या एका अनामिक तरुणीचा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुखवट्याचा. अभियंता, खेळणीवाला आणि भूलतज्ज्ञ अशा तिघांच्या धंद्यांतून जुळलेली ही विद्या आहे. तिला डॉक्टरी गूढाचे वलय चढवून आपण उगाच तिच्यापासून लांब राहतो.

आमच्या सोसायटीत तो पुतळा आला २०२३ च्या नवरात्रानंतर. त्या वर्षी गुजरातेत गरबा खेळताना काही जण, त्यांत अगदी तरुण मुलेही, कोसळून गेल्याच्या बातम्या आल्या आणि घरोघरी भीती पसरली. माझी भाची भूलतज्ज्ञ आहे. तिला मी गळ घातली आणि एका रविवारी तिने सोसायटीच्या हॉलमध्ये सतरंजीवर पुतळे मांडले. पुरुष मंडळी चहापुरती आली. टिकल्या त्या बायका. त्यांतल्या बऱ्याच जणींनी आधी पदर खोचला, बांगड्या वर सारल्या आणि मग देवळात बसावे तशा पुतळ्याशेजारी मांडी घालून बसल्या, कारण एखाद्याच्या छातीवर ओणवे होऊन सगळा भार टाकायचा ही कल्पनाच अंगवळणी पडत नव्हती. भाची प्रत्येकीच्या मागे उभी राहून एकच सांगत होती, "मावशी, कोपर सरळ. हाताने नाही, कमरेतून."

कृती सांगायला चार वाक्ये पुरतात. माणसाला कठीण जमिनीवर उताणे घ्यायचे, छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर एका तळहाताचा मनगटाजवळचा भाग ठेवायचा, त्यावर दुसरा हात, खांदे बरोबर हातांच्या वर, आणि मोठ्या माणसाची छाती निदान ५ सेंटीमीटर, पण ६ पेक्षा जास्त नाही, अशी मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायची. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. ज्याला श्वास देण्याचे शिक्षण आहे त्याने ३० दाबांनंतर २ श्वास द्यावेत. ज्याला नाही त्याने नुसते दाबत राहावे. भारतीय भूलतज्ज्ञांच्या पुढाकाराने २०१७ मध्ये सामान्य माणसासाठी जी पद्धत ठरवून दिली गेली, ती अशी निव्वळ छाती दाबण्याचीच आहे, आणि आपल्याकडे ते शहाणपणाचे आहे, कारण परक्याच्या तोंडाला तोंड लावायच्या विचारानेच निम्मे लोक मागे सरतात. बुडालेला माणूस आणि लहान मूल यांची गोष्ट मात्र वेगळी. तिथे मूळ अडचण बहुधा श्वासाची असते, म्हणून तिथे श्वास टाळून चालत नाही.

या कृतीचे कारण समजले की हात बरोबर चालतो, असा माझा अनुभव आहे. दाबल्याने रक्त पुढे जाते, हे कोणालाही कळते. पण छाती वर येताना हृदय पुन्हा भरते आणि हृदयाच्या स्वतःच्या वाहिन्यांना रक्त मिळते तेही त्याच वेळी, हे कोणी सांगत नाही. म्हणून घाईघाईने, छातीवर रेलून दिलेले उथळ दाब वाया जातात. शिवाय हे काम हातपंपाचे आहे: पहिले काही दाब नुसते दाब चढवण्यात जातात, मग कुठे धार लागते, आणि थांबलात की ती लगेच तुटते व पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. नाडी लागते का, डोळे हलले का, असे दर थोड्या वेळाने थांबून पाहणे म्हणूनच घातक. एवढे सगळे नीट केले तरी निरोगी हृदय जेवढे रक्त फिरवते त्याच्या चौथा ते तिसरा हिस्सा फिरतो. मेंदूला तग धरायला तो पुरू शकतो. माणूस उठून बसायला नाही. चित्रपटांत दोन-चार दाबांनंतर खोकून डोळे उघडणारे रुग्ण दाखवतात. त्यांनी या विद्येचे फार नुकसान केले आहे, कारण तसे घडले नाही की करणारा समजतो, संपले.

लय साधण्यासाठी परदेशात ठरावीक गाणी म्हणायला शिकवतात. आपल्याकडे आरतीच्या टाळ्या चालतील, अशी एकीने सूचना केली. मला ती आवडली आणि पुढच्या गणपतीत मी घड्याळ लावून आमच्या आरतीच्या टाळ्या मोजल्या. सुरुवातीला त्या शंभराच्या बऱ्याच अलीकडे होत्या आणि प्रसादाचा वास येऊ लागल्यावर दीडशेच्या पलीकडे गेल्या. तेव्हा आरतीवर विसंबू नये. मोठ्याने आकडे मोजणे बरे.

पण त्या गणपतीच्या आधी, उन्हाळ्यात, वरच्या मजल्यावरचे काका कोसळले. काका रेल्वेतून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले, आणि नगरपालिकेचे पाणी रोज किती वाजता सुटले याची वही ठेवणारे गृहस्थ आहेत. संध्याकाळी झोपाळ्यावर बसून चहा घेत असताना त्यांची मान कलली. काकूंची हाक ऐकून मी वर पोहोचले, तेव्हा समोरच्या घरातले भाई, त्यांची सून आणि कॉलेजात जाणारा मुलगा तिथे आधीच आलेले होते. काका झोपाळ्याच्या फळीवर अर्धे आडवे, अर्धे घसरलेले. सून पेला घेऊन उभी. भाई "पाणी आपो, पाणी आपो" म्हणत त्यांचे तळपाय चोळत होते. मी खांदे हलवून हाका मारल्या, उत्तर नाही. तोंड उघडे आणि त्यातून मधूनमधून, बऱ्याच अंतराने, घोरल्यासारखा एक ओढलेला आवाज येत होता. "श्वास चाले छे," भाई म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हायसे वाटल्याचे दिसले.

तो आवाज कोणी एकदा ऐकला की विसरत नाही, असे भाचीने सांगितले होते, आणि तिने स्वतः तो आवाज काढूनही दाखवला होता. हृदय थांबल्यानंतरची पहिली काही मिनिटे पुष्कळ जणांना अशा अडखळत्या उसळ्या येतात. तो श्वास नव्हे. मेंदूच्या तळाशी उरलेली ती शेवटची खटपट असते. माझी खात्री आहे की आपल्याकडे जेवढी माणसे केवळ या आवाजामुळे दगावत असतील, तेवढी अज्ञानाच्या दुसऱ्या कोणत्याही प्रकाराने दगावत नसतील, कारण श्वास चालू आहे म्हटल्यावर सगळे जण सुटकेचा निःश्वास टाकून रिक्षाची वाट पाहतात. हाक मारून माणूस प्रतिसाद देत नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, एवढ्या दोन खुणा दिसल्या की सुरुवात करायची. नाडी शोधत बसायचे नाही. ती घाईत भल्याभल्यांना सापडत नाही.

आम्ही काकांना खाली लादीवर घेतले. भाईंच्या मुलाने १०८ ला फोन लावून तो स्पीकरवर माझ्या गुडघ्याशी ठेवला. झोपाळा मात्र कोणी धरला नव्हता. तो आपल्या वेगाने मागे-पुढे येत होता आणि फळीची कड माझ्या पाठीला दर खेपेला लागत होती. शेवटी सुनेने पेला खाली ठेवून पितळी कडीला हात घातला. मी तळहात टेकवले आणि तिथे क्षणभर थबकले. दर पाडव्याला ज्यांच्या पाया पडते त्या माणसाच्या छातीवर सगळ्या अंगाचा भार टाकायचा, तोही त्यांच्या बायकोसमोर, हे पुतळ्याने शिकवलेले नव्हते. तिसऱ्या-चौथ्या दाबाला हाताखाली काहीतरी कटकन मोडले. कानाला ते जेमतेम ऐकू आले. तळहाताला स्पष्ट कळले. काकूंनी माझे मनगट धरले. "अगं, मारतेस काय त्यांना?" असे त्या ओरडल्या, आणि सुनेने त्यांना दोन्ही हातांनी मागे ओढून छातीशी धरले म्हणून मी पुढे चालू ठेवू शकले.

बरगड्या मोडतात. वयस्क माणसाची हाडे आणि कूर्चा कडक झालेली असते, आणि योग्य खोलीचा दाब दिला की एखाददुसरी जाणे हे नेहमीचेच. त्याने थांबायचे नसते. मोडलेली बरगडी काही आठवड्यांत सांधते. पण हे वाक्य इथे लिहिणे सोपे आहे. आपल्या संस्कारात आजारी माणसाशी हळुवार वागणे म्हणजेच सेवा. पाय चेपणे, कपाळावरून हात फिरवणे, घोटभर पाणी पाजणे. इथे तर दिसायला ती सरळ मारहाण असते, आणि करणाऱ्याचा चेहरा प्रेमळ न दिसता ओझे उचलणाऱ्या हमालासारखा लाल झालेला असतो. काकू चुकीचे बोलल्या नाहीत. त्यांना जे दिसले ते त्यांनी म्हटले. पाणी आणि कांदा यांच्याकडे आपण वळतो याचे कारण केवळ अज्ञान नाही, असे मला त्या दिवसापासून वाटते. ती कामे करताना आपण चांगले दिसतो.

दोन मिनिटांत माझे खांदे भरून आले. पुतळ्यावर जे सहज वाटे ते प्रत्यक्षात दमछाक करणारे निघाले. दर दोन मिनिटांनी माणूस बदलावा असा नियम आहे तो याचसाठी, कारण दमलेल्या माणसाचा दाब उथळ होतो आणि त्याला स्वतःला ते कळत नाही. भाईंचा मुलगा प्रशिक्षणाला आलेला नव्हता. मी करीत असताना तो माझ्या हातांकडे पाहत राहिला आणि बदली करताना एका दाबाचाही खंड न पाडता त्याने काम उचलले. फोनवरची बाई गुजरातीत आकडे मोजत होती, मी मराठीत. नंतर केव्हातरी आम्ही सगळेच गुजरातीत मोजू लागलो. रुग्णवाहिकेतल्या माणसांनी येऊन शॉक दिला, पुन्हा छाती दाबली, पुन्हा शॉक दिला, आणि मग त्यांच्यातला एक जण गळ्यावर बोटे ठेवून नुसता मान हलवून "आहे" म्हणाला.

काका वाचले. अँजिओप्लास्टी झाली, काही दिवस बोलणे असंबद्ध होते, नंतर पाण्याची वही पुन्हा सुरू झाली. त्या संध्याकाळचे त्यांना काहीही आठवत नाही. आठवतात त्या बरगड्या. खोकला आला, शिंक आली, कुशीवर वळले की कळ येई, आणि भेटायला आलेल्या प्रत्येकाला ते माझ्याकडे बोट दाखवून सांगत, "स्टेंटचं मला काही कळत नाही, हिच्या हाताचं मात्र रोज कळतं." काकू त्या संध्याकाळविषयी माझ्याशी अजूनही बोलत नाहीत. बाकी सगळे बोलतात.

एवढ्यावर लेख थांबवला तर तो खोटा होईल. त्यानंतरच्या थंडीत एका लग्नाच्या हॉलमध्ये जेवणाच्या पंगतीजवळ पन्नाशीच्या आसपासच्या एक बाई कोसळल्या. मी हॉलच्या दुसऱ्या टोकाला होते. तिथे पोहोचेपर्यंत बराच वेळ गेला होता, आणि त्या वेळात त्यांच्याभोवती कडे करून उभ्या असलेल्या पुरुषांपैकी एकाने आपल्या कारखान्यात सीपीआरचे रीतसर शिक्षण घेतलेले होते, हे मला मागाहून कळले. तो वाईट माणूस नव्हता. तो "कोणी लेडीज आहे का?" असे विचारत होता. भरजरी साडी, दागिने, चारचौघे, नातेवाईक; परक्या बाईच्या छातीला हात लावल्यावर काय होईल या विचाराने त्याचे हात बांधले. हे आपल्याकडचेच म्हणावे तर तसेही नाही. सार्वजनिक ठिकाणी कोसळलेल्या स्त्रीला पुरुषापेक्षा कमी वेळा सीपीआर मिळतो, हे पाश्चात्त्य देशांतल्या नोंदींतूनही दिसले आहे. मी दाबायला सुरुवात केली, हात त्याच जागी, तीच लय, आणि आलटून-पालटून करायला माणसेही मिळाली. त्या वाचल्या नाहीत.

श्रीमंत देशांतदेखील रुग्णालयाबाहेर हृदय थांबलेल्यांपैकी घरी परतणारे साधारण दहात एक असतात. शेजारच्या माणसाने लगेच छाती दाबली तर ही शक्यता दुपटीने, तिपटीने वाढते. शॉकला होणाऱ्या प्रत्येक मिनिटाच्या उशिराने ती ७ ते १० टक्क्यांनी घटते, आणि दाबणे चालू असेल तर ही घट मंदावते. आकडे असे आहेत. त्यांच्यात खात्री कुठेच नाही. काकांच्या वेळी मी जे केले त्याचे लोक कौतुक करतात आणि त्या बाईंच्या वेळचे कोणी काढत नाही, याची मला गंमत वाटते, कारण काम अगदी एकच होते. फरक होता तो पहिल्या काही मिनिटांचा, आणि ती माझ्या हातात नव्हती.

कायद्याची भीती अनेकांना वाटते. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला संरक्षण देणाऱ्या सूचनांना बंधनकारक स्वरूप दिले आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातही तशी तरतूद आली. ती अपघातग्रस्तांपुरती आहे, हे खरे. पण हृदय थांबण्याच्या बहुसंख्य घटना घरातच घडतात, आणि घरात आपण ज्याची छाती दाबतो तो बहुधा आपलाच बाप, नवरा किंवा शेजारी असतो. तिथे आड येते ती पोलिसांची भीती नव्हे.

डेन्मार्कने या प्रश्नाला सरळ हात घातला. २००५ पासून तिथे शाळांत हे शिकवणे बंधनकारक झाले आणि पाठोपाठ वाहन परवान्यासाठीही. २००१ मध्ये तिथे कोसळलेल्यांपैकी सुमारे २१ टक्के लोकांना उपस्थितांकडून सीपीआर मिळत असे. २०१० मध्ये तो आकडा ४५ टक्क्यांच्या जवळ पोहोचला, आणि वाचणाऱ्यांचे प्रमाणही याच काळात वाढले. १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनच्या मैदानात ख्रिस्तियन एरिक्सन हा फुटबॉलपटू कोसळला, तेव्हा त्याच्यावर मैदानातच उपचार झाले आणि तो पुढे पुन्हा खेळला, हे सगळ्या जगाने पाहिले. त्या मैदानाबाहेरच्या शाळांतून काय शिकवले जाते हे मात्र फारसे कोणी पाहिले नाही. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सबंध बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. ज्या शहराला शिक्षणातल्या सक्तीचा एवढा जुना अनुभव आहे, त्याला नववीच्या वर्गात वर्षातून एक तास पुतळा मांडणे जड जाऊ नये. इथल्या जुम्मादादा व्यायाम मंदिरासारख्या जुन्या आखाड्यांची परंपराही आहेच. कमरेतून जोर कसा लावावा हे तिथल्या मुलांना शिकवावेसुद्धा लागणार नाही.

इच्छा कमी आहे असे मला मुळीच वाटत नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात याच बडोद्यात एका तरुणाने निपचित पडलेल्या सापाच्या तोंडात फुंकर घालून त्याला हालते केले आणि त्याची चित्रफीत देशभर फिरली. सापाच्या तोंडाला तोंड लावायला जिथे माणूस तयार होतो, तिथे शेजाऱ्याच्या छातीला हात लावायला माणसे मिळणार नाहीत, हे मी कसे मानू?

भाची आता वर्षातून दोनदा येते. गुडघ्यांमुळे ज्यांना खाली बसता येत नाही, त्यांची कामे आम्ही वेगळी ठरवली आहेत: एकीने १०८ ला फोन लावून पत्ता, मजला आणि जवळची खूण सांगायची, एकीने लिफ्ट तळमजल्यावर धरून ठेवायची, आणि पहारेकऱ्याने दुसऱ्या फाटकाची साखळी काढून रस्त्यावर उभे राहायचे. ती साखळी काकांच्या वेळी कुलूपबंद होती आणि किल्ली ज्याच्याकडे असते तो भाजी आणायला गेला होता. शॉक देणाऱ्या स्वयंचलित यंत्राचा प्रश्न मात्र सर्वसाधारण सभेत अडकला आहे. बोलून सूचना देणारे ते यंत्र कोणालाही वापरता येते, गरज नसेल तर ते शॉक देतच नाही, आणि किंमत लाखाच्या आसपास. तेवढ्यात आमच्याकडे गच्चीची रंगरंगोटीसुद्धा होत नाही. तरी एका सभासदाने ते वापरात आले नाही तर पैसे वाया जातील, असा मुद्दा मांडला आणि विषय पुढच्या सभेवर ढकलला गेला. पुढच्या सभेत ठराव मी मांडणार आहे. अनुमोदन काका देणार आहेत, आणि त्याआधी ते बरगड्यांवर दहा मिनिटे बोलणार आहेत; ते कोणाला थांबवता येईल असे वाटत नाही.